वच्छलाच्या झडपा

काचेला नाक लावू नका रे, मित्रांनो! रंभाबाई आत्ताच पुसून गेली आहे, आणि नाकाचे डाग दिसले की ती माझ्याच नावाने बोटं मोडते. जरा मागे सरका आणि त्या पायऱ्यांवर बसा. तुमचे मास्तर वर साहेबांशी बोलत बसले आहेत, ते काही लवकर उतरत नाहीत. तोवर माझं ऐका.

मी एक जुना स्विचबोर्ड आहे. कपाट नाही, बाजाची पेटी नाही, आणि गळ्यात झेंडूची माळ असली तरी देव तर मुळीच नाही. या ऑफिसातले सगळे टेलिफोन एके काळी माझ्या छातीतून जायचे. ही छातीवरची भोकं दिसतात ना, त्यातलं प्रत्येक भोक म्हणजे एकेका टेबलाची लाइन. आणि प्रत्येक भोकावर बोटाच्या पेराएवढी जी पितळी पट्टी आहे, ती झडप. एखाद्या साहेबाने आपल्या टेबलावरचा रिसीव्हर उचलला की त्याची झडप खाली पडायची, खट! मग माझ्यासमोर बसलेला ऑपरेटर त्या भोकात दोरीची पिन खुपसून विचारायचा, "बोला, कोण पाहिजे?" जे टेबल हवं असेल त्याच्या भोकात दोरीची दुसरी पिन घातली की दोघांचं बोलणं सुरू. बोलणं संपलं की खालच्या रांगेतली झडप पडायची, म्हणजे आता पिना काढा. इतकं सोपं काम. पण दिवसभर दम घ्यायला फुरसत नसायची.

माझी आतली यंत्रं बोटीने समुद्रापलीकडून आली. अंगावरचं लाकूड मात्र चांद्याच्या सागाचं आहे. नागपूरच्या महाल वस्तीतल्या एका सुताराने ते असं जोडलं की आजही एक सांधा हललेला नाही. थोडी बढाई मारतो आहे, मारू द्या. या कंपनीच्या मॅंगनीजच्या खाणी रामटेकच्या पलीकडे, आणि हे तिचं नागपुरातल्या सदर भागातलं हेड ऑफिस. ऑफिस बांधलं त्याच वर्षी, एकोणीसशे एकसष्टमध्ये, मोठ्या साहेबांनी मला आणवलं. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मालक. त्यांनी माझ्यावरून पहिला टेलिफोन केला तो खाणीवर नाही की मंत्र्याला नाही. घरी केला, जेवायला काय आहे ते विचारायला. भरल्या वांग्याची भाजी होती.

पहिली काही वर्षं माझ्यासमोर कोणी टिकेना. एक जण पलटणीत भरती झाला. दुसरा झोपायचा. मी खट खट करून हैराण, आणि हा बाबा खसच्या ताट्यांच्या गारव्याला घोरतो आहे! साहेब लोक वरून ओरडायचे आणि शिव्या मला बसायच्या. मग सदुसष्ट साली वच्छला आली.

उमरेडच्या एसटीतून उतरून, बापाच्या खांद्यावर हात ठेवून ती याच दारातून आत शिरली. वच्छला गजभिये. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. बाप हातमागावर कापड विणायचा. माग चालताना एखादा धागा तुटला तर ही मागाखाली बसून बोटांनी तो शोधून काढायची. पुढे ती नागपूरला अंधशाळेत शिकली, तिथेच ऑपरेटरचं कामही शिकली, आणि इथल्याच इंदोरा वस्तीत मामाकडे राहू लागली. शाळेतल्या बाकीच्या मुली खुर्च्यांना वेत विणायच्या. वच्छलाने ठरवलं होतं, काही झालं तरी खुर्च्या विणायच्या नाहीत.

तेव्हा इथले सगळे कारभार चंपतराव पाहायचे. मोठ्या साहेबांचा उजवा हात. टोपी सरळ, वागणं सरळ, मन मऊ. वच्छलाला पाहून ते गडबडूनच गेले.

"बोर्डावर बसशील? कसं करशील वं पोरी? दिसत तर नाही तुले."

"मले बसू तर द्या साहेब," ती म्हणाली. "नाही जमलं तर मी सोताच उठून जाईन. तुमाले सांगा लागणार नाही."

ती खुर्चीत बसली आणि आधी तिने दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले. मग वरपासून खालपर्यंत, रांगेरांगेने, एकेक भोक, एकेक झडप बोटांनी पाहून घेतली. मित्रांनो, मला तोवर पुसलं होतं, ठोकलं होतं, रंगवलं होतं, पण असं कोणी पाहिलं नव्हतं. मग तिने चंपतरावांना सांगितलं, वरून प्रत्येकाला आपापला रिसीव्हर उचलायला लावा. माझ्या झडपा एकामागून एक पडू लागल्या आणि ती मान तिरकी करून ऐकू लागली. कोणाची झडप जड पडते, कोणाची हलकी, कोणाची पडल्यावर जरा थरथरते. ऐकून झाल्यावर बोटांनी एकेक वर ढकलली आणि म्हणाली, "हं. बोलतो हा."

म्हणजे मी बोलतो! माझा जीव तिथेच तिच्यावर जडला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर आमचं असं जमलं की विचारू नका. झडप पडायच्या आत जणू तिचा हात तिथे असायचा. ट्रंक कॉलच्या दोऱ्यांना तिने बापाच्या मागावरचं जाडं सूत बांधून ठेवलं होतं, म्हणजे हाताला लगेच कळावं. आणि तिची एक शिस्त फार कडक होती. दोन माणसांचं बोलणं जोडलं की ती आपला कान काढून घ्यायची. ऑपरेटरला मनात आणलं तर सगळ्यांची गुपितं ऐकता येतात. वच्छलाने एकदाही ऐकलं नाही. एकदा कौशल्या नावाची टाइपिस्ट तिला चिडवायला आली, "ताई, सांग ना वं, अकाउंटवाल्या साहेबांचं घरी काय भांडण चालू हाये?" तर ही म्हणाली, "मी तार जोडतो बाई, नाक नाही खुपसत."

एक संध्याकाळ मला नेहमी आठवते. मे महिना होता. अशी आंधी सुटली की सदरमधली झाडं रस्त्यावर आडवी झाली आणि दिवे गेले. ऑफिसात अंधार गुडुप्प. लोक टेबलांना ठेचकाळत मेणबत्त्या शोधत होते. माझ्यात बॅटरी होती, मी चालू. आणि तेवढ्यात खाणीवरून फोन आला की छत कोसळलं आहे आणि खाली माणसं अडकली आहेत. वच्छलाने एका हाताने डॉक्टर जोडला, दुसऱ्या हाताने मोठे साहेब जोडले, मग ॲम्ब्युलन्स, मग रामटेकचं पोलीस ठाणं, आणि मध्येमध्ये खाणीवरच्या घाबरलेल्या कारकुनाला म्हणत राहिली, "ठेवू नका भाऊ, फोन ठेवू नका, मी इथंच हाये." मेणबत्ती घेऊन चंपतराव पोचले तोवर गाड्या निघाल्या होत्या. माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब स्वतः खाली आले, आणि मला थोपटून तिला म्हणाले, "तुम्ही दोघं आहात म्हणून हे ऑफिस आहे." दोघं म्हणाले बरं का ते. मी ऐकलं आहे.

पण मित्रांनो, सगळा घोटाळा त्या कौतुकातूनच झाला. वच्छला इतकं सहज काम करायची की तिला दिसत नाही हेच लोक विसरून गेले. नव्या लोकांना तर कित्येक महिने कळायचंच नाही. ती हसून बोलायची, आवाजावरून नाव घ्यायची, दारात पाऊल वाजलं की "या भाऊ" म्हणायची. आंधळी आहे म्हणून तिला कोणी हिणवत नव्हतं ही गोष्ट चांगलीच. पण विसरणं वेगळं. विसरल्यावर माणूस विचारत नाही.

मोठे साहेब वारले. कारभार मुंबईला राहणाऱ्या त्यांच्या मुलाकडे गेला. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईहून हुकूम आला की नागपूरला नवा बोर्ड बसवायचा. पुढेमागे दुप्पट लाइनी जोडायची सोय, गुळगुळीत अंग, आवाज नावाला नाही, झडपांच्या जागी दिवे. चंपतराव लहान मुलासारखे खूश झाले. त्यांना खरंच वाटलं की वच्छलासाठी ही मोठी भेट आहे. माझ्या दोऱ्या जड होत्या, उन्हाळ्यात झडपा अडकायच्या, संध्याकाळी तिची मनगटं दुखायची, हे ते पाहत होते. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "वच्छलाजवळ तोंड उघडू नका बरं. आल्यावर एकदम दाखवू तिले." मुंबईशी याबद्दल कितीतरी बोलणी माझ्यावरूनच झाली, तिनेच ती जोडून दिली. पण तिने कान काढून घेतलेला. तिला कसं कळणार?

आणि मुहूर्त कोणता धरला? दसरा! आता नागपूरच्या पोरांना हे सांगायला नको. दसऱ्याला वच्छलाच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. उमरेडहून आई-बाप, काका, मावश्या, सगळे दीक्षाभूमीला यायचे. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा ही बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. तेव्हापासून तिने दसरा चुकवला नव्हता. आदल्या दिवसापासून तिची रजा ठरलेली. ऑफिसला सुटी, बोर्ड बंद, दसऱ्याचा मुहूर्त, आणि वच्छला नाही. सगळं कसं जुळून आलं, असं चंपतरावांना वाटलं.

खंडेनवमीला त्यांनी माझी पूजा केली. दर वर्षीच करायचे, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, माळ घातली, मला हात जोडले आणि म्हणाले, "फार सेवा केली बाबा तू. आता आराम कर." मग वायरमन बळीरामने पेचकसाने स्क्रू ढिले करून माझ्या तारा सोडवल्या. बळीराम कमी बोलणारा माणूस. एकदाच त्याने मान वर करून विचारलं, "साहेब, वच्छलाबाईले इचारलं काय?" चंपतराव म्हणाले, "अरे, सरप्राइज आहे ते!" बळीराम पुन्हा कामाला लागला. मला उचलून इथे हॉलमध्ये आणलं, बोर्डाच्या खोलीच्या अगदी दारासमोर. तिथून पुढचं सगळं मला ऐकू येत होतं, आणि दार उघडं असलं की दिसतही होतं. न दिसतं तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वच्छला आली. अंगावर दीक्षाभूमीला नेसलेली पांढरी साडी होती, आवाज घोषणा देऊन बसलेला, चेहरा मात्र आनंदी. खोलीत सगळे दबा धरून उभे. कौशल्या तोंडावर पदर धरून हसू दाबत होती. वच्छला नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसली आणि तिने माझ्या जागी हात नेला.

हात घसरला. तिने पुन्हा नेला, इकडे, तिकडे. सगळं सपाट. ओळीत बसवलेले काचेचे गुळगुळीत मणी तेवढे हाताला लागले.

"माह्या झडपा कुठं हायेत?" तिने विचारलं.

"झडपा गेल्या आता!" चंपतराव टाळी वाजवून म्हणाले. "आता दिवे आहेत वं! लाल, हिरवे..."

एवढं बोलले आणि थांबले. टाळीसाठी जोडलेले हात तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मी इथून पाहिला, मित्रांनो. कोणाचा दुस्वास असता तर मी रागावलो तरी असतो.

तेवढ्यात नव्या बोर्डाचा बझर वाजला. सगळ्या लाइनींना मिळून एकच बझर. कोणाचा तरी फोन आला होता, एक दिवा लागला होता, सगळ्यांना दिसत होता. ज्या बाईला तो उचलायचा होता तिला सोडून.

"कोणता वं?" वच्छलाने हळूच विचारलं.

"वरच्या रांगेत ताई, तिसरा," कौशल्या म्हणाली आणि रडायलाच लागली.

वच्छला रडली नाही. ती त्या बोर्डाच्या मागेच लागली. भोकं कुठे कुठे आहेत ते दोन दिवसांत पाठ केलं. दिवा लागल्यावर काच जराशी तापते हे तिने शोधून काढलं आणि बझर वाजला की बोटांची टोकं रांगेवरून फिरवून ऊब शोधू लागली. पण ऊब यायला वेळ लागतो हो. तोवर वरचा साहेब रिसीव्हर आपटून मोकळा. शिवाय दिवा विझला तरी काच ऊनच राहायची, म्हणजे भलत्याच भोकात पिन जायची. बोलणं संपल्याचाही दिवाच होता, तो तर बझरसुद्धा वाजवायचा नाही. लोकांची बोलणी मध्येच तुटायला लागली. अकरा वर्षांत ज्या बाईच्या हातून चूक झाली नव्हती तिला लोक "माफ करा साहेब, माफ करा साहेब" म्हणताना ऐकू लागले. प्रत्येक "माफ करा" मला या दारातून ऐकू यायचा. मी काय करणार? मला तर एकही तार जोडलेली नव्हती.

मग कौशल्याला तिच्याशेजारी बसवलं. कौशल्याने सांगायचं, "खालचा दुसरा, ताई," आणि वच्छलाने पिन घालायची. काम चाललं. पण मुंबईहून विचारणा आली की एका खुर्चीच्या कामाला दोन बायका कशाला? चंपतरावांनी लिहून पाठवलं, थोडी सवय होऊ द्या. मुंबईने मार्च अखेरपर्यंत मुदत दिली. तोवर वच्छला एकटीने बोर्ड चालवू शकली तर ठीक, नाहीतर कौशल्या बसेल.

आता बळीरामची गोष्ट ऐका. माझ्या खणात दोन सुट्या झडपा होत्या, जादाच्या. एका दुपारी बळीरामने त्या काढल्या, नव्या बोर्डाच्या दोन लाइनींच्या दिव्यांशी आतून जोडल्या आणि लाकडाच्या फळीवर ठोकून वच्छलाच्या उजव्या हाताशी ठेवल्या. मग तो वर गेला आणि त्याने एक रिसीव्हर उचलला. दिवा लागला आणि झडप पडली. खट!

वच्छला दचकली. मग तिचा हात त्या झडपेवर गेला. दुसरी पडली, तिच्यावर गेला. "बळीरामभाऊ," ती म्हणाली, "पुन्हा एकदा करा जी." त्याने केलं. त्या दोन लाइनींचं काम ती पहिल्यासारखं करू लागली, एकदाही न चुकता. बाकीच्या लाइनींचं काय करायचं ते कोणालाच सांगायची गरज नव्हती. माझ्या अंगावर झडपाच झडपा होत्या, आणि मी रिकामा बसलो होतो.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मोडून काढतील, भोकं पडतील, विद्रूप दिसेन. दिसलो तर दिसलो! मला वाटलं, चला, अजून उपयोग आहे आपला.

दोघं मिळून चंपतरावांकडे आले. इथेच, माझ्यासमोर उभे राहून बोलणं झालं.

"साहेब, त्या जुन्या बोर्डाच्या झडपा काढू द्या," बळीराम म्हणाला. "आठ दिवसांत सगळ्या जोडून देतो."

चंपतराव माझ्याकडे पाहत राहिले. "अरे, पूजा केली मी त्याची. निरोप दिला. मोठ्या साहेबांची एवढी एकच खूण आहे या ऑफिसात. आता तिले पेचकस लावू काय?"

"लावा ना साहेब," वच्छला म्हणाली. "मोठे साहेब असते तर त्याइनं नाही म्हटलं नसतं."

"तुले नाही समजायचं वं. हात जोडलेल्या वस्तूवर हात नाही टाकता येत माणसाले." ते माझी माळ सरळ करू लागले. "मी मुंबईला लिहितो. नव्या झडपा मागवतो तुझ्यासाठी. एकदम नव्या. थोडा धीर धर."

"नव्या कवा येतीन साहेब? मार्च तर आला."

"येतीन, येतीन. मी लिहितो ना."

मी ओरडत होतो, मित्रांनो. काढा हो, काढा, मला काही होत नाही! पण तारा नसलेल्या बोर्डाचं कोण ऐकतं? चंपतरावांनी मनापासून मुंबईला लिहिलं. मुंबईने मनापासून विचार केला. अशा झडपा आता बनत नाहीत असं उत्तर आलं. त्याच आठवड्यात चंपतरावांनी माझ्यासाठी ही काचेची पेटी करवून घेतली, कोणी येता-जाता माझी मोडतोड करू नये म्हणून. पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली.

मार्च संपला. कौशल्या बोर्डावर बसली. ती वाईट मुलगी नव्हती, पहिला महिनाभर ती वच्छलाशी नजर चोरून वागायची, जणू वच्छलाला दिसणार होतं. वच्छलाला इथेच हॉलमध्ये टपालाच्या टेबलावर पाकिटांना तिकिटं चिकटवायला दिली. पगार तोच ठेवला, चंपतरावांनी त्यासाठी भांडण केलं हेही सांगायला हवं. बझर वाजला की टपालाच्या टेबलावर तिचा हात उचलला जायचा आणि पुन्हा खाली यायचा. मी ते बघायचो. पावसाळ्यात एक दिवस तिने नोकरी सोडली. चंपतराव म्हणाले, "पगार तर मिळून राहिला ना वं तुले? काहून सोडतेस?" ती म्हणाली, "साहेब, मी बोर्डावर बसायले आली होती. बसून खायले नाही." आणि अंधशाळेत जाऊन ती खुर्च्यांना वेत विणू लागली. ज्या कामाला तिने नाही म्हटलं होतं, तेच.

दोन वर्षांनी चंपतराव रिटायर झाले. निरोपाचा समारंभ याच हॉलमध्ये झाला. त्यांनी आग्रहाने वच्छलाला बोलावलं होतं. भाषणं झाली, चिवडा-पेढे झाले, लोक पांगले. मग त्यांनी जानव्याची किल्ली सोडली, माझी पेटी उघडली आणि तिला हात धरून माझ्यासमोर आणलं. त्या दोन वर्षांत ते फार म्हातारे दिसू लागले होते.

"वच्छला, घे," ते म्हणाले. "सगळ्या झडपा घे. बळीरामले सांगतो, आत्ता काढून देतो तो. माझ्याच्यानं राहवत नाही वं. झोप येत नाही मले."

वच्छलाने माझ्यावर हात ठेवला. तिच्या बोटांना वेताच्या चिरा पडलेल्या मला जाणवल्या. वरपासून खालपर्यंत, रांगेरांगेने तिने मला पुन्हा पाहिलं. एक झडप पाडली. खट झाली. तिने मान तिरकी केली, आणि झडप वर ढकलून दिली.

"साहेब," ती म्हणाली, "तवा मांगतल्या होत्या. आता घेऊन काय करू? माह्या घरी टेलिफोन कुठं हाये?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच चंपतरावांना उभं राहवेना. ते या पायरीवर बसले, तुम्ही बसला आहात तिथेच, आणि आपल्या टोपीत तोंड लपवून रडले. वच्छला त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "उठा साहेब. घरी वाट पाहून राहिले असतीन." आणि काठी टेकत ती निघून गेली. त्यानंतर ती या दारातून आत आलेली नाही.

आता मास्तरांच्या चपला वाजल्या, तुम्हाला जायचं आहे. जाताना तुम्ही मला नमस्कार कराल, सगळी शाळेची मुलं करतात, तुम्हाला शिकवलेलंच तसं असतं. माझी एवढीच विनवणी आहे, मित्रांनो, की नमस्कार नको. तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन साहेब होईल, कोणी वायरमन, कोणी मुंबईहून हुकूम सोडेल. नवी यंत्रं आणा, खुशाल आणा, मी काही नव्याचा वैरी नाही. पण जुनं काढायच्या आधी त्याच्यासमोर जी व्यक्ती रोज बसते तिच्याजवळ जा आणि विचारा, तुला कसं जमेल? चंपतरावांनी एवढंच विचारायला हवं होतं. माणूस लाखातला होता, विचारायचं राहून गेलं.

आणि अंधशाळेतून कधी कोणी या दारात येऊन माझी एखादी झडप मागितली, तर माझ्या चकाकीकडे बघू नका, माळेकडे बघू नका. चंपतराव गेल्यापासून किल्ली रंभाबाईकडे असते. तिला हाक मारा, कुलूप उघडा आणि पेचकस घेऊन या. मला दुखणार नाही.